किल्लीला बांधलेला सेन्सर

हाड मोडल्याचा आवाज मोबाइलवर स्पष्ट ऐकू येत होता.

ज्ञानदेव थिटे यांनी घाईघाईने आवाज बंद केला. टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी मान वर केली नाही.

"असू द्या सायब," त्या म्हणाल्या. "आयकलाय मी. एसटीत मागच्या शिटावरची पोरं बी तेच लावून बसली व्हती. त्यास्नी काय ठावं, म्होरं त्याची माय बसलीय."

बाईंचं नाव रुक्मिणीबाई शिंदाळकर. औशाहून त्या थेट आकुर्डीला, स्वरूपा निघोजकर हिच्या कचेरीत आल्या होत्या. स्वरूपा पूर्वी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत असे. आता ती स्वतंत्रपणे खाजगी तपास करते. थिटे तिचे मदतनीस, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. माणसांशी बोलण्यात तरबेज, वस्तूंकडे बघण्यात कच्चे.

स्वरूपाने मोबाइल आपल्याकडे ओढला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

गुरुवार. चाकणजवळ नाणेकरवाडीतलं घनवट गॅरेज. समोरच्या रस्त्यावर तेलकट कपड्यांतला एक तरुण पालथा पडला होता. दोघांनी त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला होता. तिसरा आत धावत गेला, लोखंडी पाइप घेऊन आला आणि बोटं ठेचू लागला. मागे, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या कपड्यांतले एक वयस्क गृहस्थ सुरुवातीपासून हात उंचावून ओरडत होते.

"पाइप आणा रे आतला! त्याच पाइपनं फोडा त्याला! माझ्या भाच्याला मारलं यानं!"

"बबनराव टेमगिरे," थिटे म्हणाले. "मेलेल्या गॅरेजमालकाचे, दिग्विजय घनवटचे मामा. पिंपरीत स्पेअर पार्टचं मोठं दुकान आहे. बिचाऱ्यांचं भान सुटलंय. लेंगा बघा, गुडघ्यापर्यंत भरलाय, त्याचीही शुद्ध नाही. चिखलात पाय गेला असेल."

"जानेवारीत चिखल?"

"गटार असेल. चाकणात गटाराला महिना लागत नाही, मॅडम."

स्वरूपाने चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं, थोडा वेळ पाहिलं आणि फोन परत दिला.

"रुक्मिणीबाई, पोलिसांचं म्हणणं काय?"

"माज्या प्रज्वलनं मालकाला मारलं म्हनत्यात. दुपारी भांडन झालतं, शेजाऱ्यांनी आयकलंय. हाताला, कपड्याला रगत व्हतं." त्यांनी पदर आवळला. "सोमवारी दवाखान्यातून सोडनार. तिथून कोठडी. आन् कोठडीतून सुटला तर भाईर ही मानसं हायतच. माजं लेकरू कुनीकडून बी मरतंय, ताई."

स्वरूपा उठली.

"थिटेकाका, गाडी काढा. आधी पिंपरी."

---

पिंपरीच्या दवाखान्यात प्रज्वलचा डावा पाय खाटेला साखळीने बांधलेला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये. एक डोळा सुजून बंद झालेला.

"भांडण कशावरून झालं?" स्वरूपाने विचारलं.

"सेन्सरवरून." ओठ फुटल्यामुळे तो सावकाश बोलत होता. "केसकर सायबांची गाडी परत आली व्हती. म्हैन्याआदी मीच तिचा ऑइल प्रेशरचा सेन्सर बदललेला."

"म्हणजे काय असतं रे ते?" थिट्यांनी विचारलं.

"इंजनात तेलाला दाब हाय का न्हाई, ते त्यो सांगतो. दाब नसला की समोर लाल दिवा. तसंच चालवलं तर इंजन आतल्या आत चिकटून बसतं, काका. तर ह्या गाडीचा दिवा चालू इंजनात बी इझेना. मालक म्हनले, तू नीट बसवला न्हाईस, तुझ्या कामानं एखादा मानूस मरंल. लई बोलले. आईवरून बी बोलले. मी बी उलटा बोललो."

"मग?"

"मग मालकानं जुनं ऑइल काढून नवं टाकलं. सेन्सर खोलला, त्या भोकात दाब मोजायचं मीटर लावलं. थंड इंजनावर बगितलं, गरम करून बगितलं. काटा बराबर. दाब एक नंबर. म्हंजी इंजन चांगलं, सेन्सर खोटा. मालकाला पटलं. मग मला म्हनले, चुकलं माझं, प्रज्वल. जा, आकुर्डीच्या शोरूममधून नवा आन. मामाकडून आनू नको."

"असंच म्हणाले?"

"व्हय. मला बी नवल वाटलं. आमचा समदा माल मामाकडूनच येतो."

"तू निघालास तेव्हा गाडी कशी होती?"

"मीटर काढलेलं. भोक उगडंच. सेन्सर किल्लीला बांधला आन् किल्ली खिळ्याला अडकवली."

थिट्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "किल्लीला कशाला बांधायचा?"

"आमच्या गॅरेजची रीत हाय. इंजनाचं काही उगडं ठिवलं की खोललेला पार्ट तारेनं किल्लीला बांधायचा. जो किल्ली घेईल त्याला कळावं, गाडी चालू करायची न्हाई. दुसरीकडं काम झाल्यावर जुना पार्ट किल्लीला लावून गिऱ्हाइकाला दाखवाय ठिवतात. आमच्यात तसं न्हाई."

"आणि कुणी चालू केलीच तर?"

"तर भोकातून तेल उडतं. भितीपातूर जातं, ताई."

त्याने प्लास्टरमधला हात छातीशी ओढला. मग स्वतःहून म्हणाला, "मी परत आलो तर मालक गाडीच्या म्होरं पडलेले. डोक्याचं मागलं हाड आत गेलेलं. मी उचलाय गेलो तर बोटं आत गेली माझी." त्याने डोळा मिटला. "भाईर येऊन वरडलो. मामा रस्त्यावरच व्हते. ते म्हनले, यानंच मारलं."

"मामांनी तुला मारलं?"

"न्हाई. ते लांब हुबे व्हते. हात कुनी धरला, कुनी मारलं, ते समद्यांस्नी ठाव हाय. व्हिडिओत हाय की."

दाराशी उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंनी आत येऊन त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला.

---

तपास निरीक्षक धम्मरत्न जोगदंड यांच्याकडे होता. स्वरूपाला ते ओळखत होते. जळालेल्या ट्रकचं एक प्रकरण दोघांनी मिळून सोडवलं होतं.

"या," त्यांनी गॅरेजचं शटर वर सारलं. "पण वेळ वाया घालवताय तुम्ही. भांडण आहे, रक्त आहे, पोरगा जागेवर सापडलाय. आणखी काय पाहिजे?"

"साक्षीदार?"

"गुरुवार होता. या पट्ट्यात गुरुवारी वीज बंद, आजूबाजूची वर्कशॉपं बंद. भांडण ऐकणारे दोघं दुपारी होते, तेही नंतर जेवायला घरी गेले. कॅमेरे बंद. पोराच्या आरडाओरड्यावर मग गाव गोळा झालं."

आत केसकरांची पांढरी गाडी उभी होती. बॉनेट उघडं. गाडीच्या नाकासमोर, लोखंडी बाकाच्या अलीकडे, दिग्विजयचा मृतदेह सापडला होता. तिथल्या फरशीवर रक्त वाळून काळं पडलं होतं. बाकाच्या पायावर केस चिकटलेले होते. मागच्या भिंतीत एक माणूस निघेल एवढी फट होती.

"मागून मारलंय," जोगदंड म्हणाले. "इंजिनावर वाकला असताना. पहिल्या फटक्यातच खाली गेला असणार, पण मारणारा थांबलेला नाही. कवटीचे तुकडे झालेत."

"पाइप कुठे होता?"

"आत, तेलाच्या पिंपामागे ढकललेला. पोरांनी शोधून काढला आणि त्यानंच प्रज्वलचा हात फोडला. ठसे बिसे सगळे गेले. अकलेचे कांदे!"

स्वरूपा गाडीभोवती फिरली. पुढच्या चाकाखाली अडसर म्हणून विटा ठेवलेल्या होत्या. उजव्या चाकापुढची वीट मधोमध फुटली होती आणि चाक अर्धं तिच्यावर चढलेलं होतं. उजव्या बाजूच्या भिंतीवर सोनेरी तेलाचा फवारा उडून ओघळ खाली आले होते. फरशीवर त्याच तेलाचं थारोळं. कोपऱ्यातल्या परातीत गाडीतून काढलेलं जुनं तेल होतं, ते डांबरासारखं काळं.

ती इंजिनावर वाकली.

"काका, बॅटरी धरा. हे काय दिसतं?"

"रक्ताचे थेंब."

"आणि त्यांच्यावर?"

"तेल." थिटे आणखी वाकले. "वरून आलंय. थेंब खाली आहेत."

इंजिनाच्या उजव्या बाजूला करंगळी जाईल एवढं एक भोक उघडं होतं. त्याच्याशेजारी एक वायर मोकळी लोंबत होती.

"किल्ली?"

जोगदंडांनी पिशवी पुढे केली. "गाडीलाच लावलेली होती."

किल्लीच्या कडीला निळ्या आवरणाच्या तारेचा पीळ होता. पुढचा भाग पकडीने तोडलेला. त्याला काहीही बांधलेलं नव्हतं.

"सेन्सर कुठाय, साहेब?"

"पोराच्या खिशात होता की."

"तो नवा. खोक्यातला. जुना कुठाय?"

जोगदंडांनी माणसाला शोधायला लावलं. बाकाखाली, पिंपामागे, परातीत, सगळीकडे बघून झालं. सेन्सर कुठेच नव्हता.

तेवढ्यात दिग्विजयची बायको वर्षाली पंचनाम्यावर सही करायला आली. ती रक्ताकडे पाठ करून उभी राहिली.

"ते गेला महिनाभर नीट झोपले नव्हते," ती म्हणाली. "खेड घाटात तो कामगारांचा टेम्पो उलटला ना, दोन बाया मेल्या, त्याचं काम आमच्याकडं झालेलं. इंजिन जागेवर चिकटलं होतं म्हणे. सगळे म्हणाले ड्रायव्हरचं चुकलं. हे एकच म्हणत राहायचे, लाल दिवा का लागला नाही? सेन्सर मी नवा टाकला होता."

"गुरुवारी काही बोलणं झालं?"

"दुपारी फोन आला होता. म्हणाले, वर्षाली, मला कळलं. घरी आल्यावर सांगतो." ती स्वरूपाकडे वळली. "काय कळलं होतं, ते तुम्ही सांगा मला."

---

ओजस केसकर सांगवीला राहत होता. चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. दार उघडल्या उघडल्या त्याने बोलायला सुरुवात केली.

"दिग्विजयला तो धमकीचा मेसेज मीच पाठवला होता. नाकारत नाही. 'पुढच्या वेळी गाडी नाही, गॅरेज जाळायला येईन.' रागात लिहिलं हो! मोशीच्या चौकात दिवा लागला. मागे बाळ, बायको, आणि इंजिन कधीही बंद पडेल म्हणून मी घामाघूम. महिन्यात दुसऱ्यांदा!"

"गुरुवारी कधी गेला होता?"

"जेवणाच्या सुट्टीत. गाडी दिली, ओरडलो, रिक्षाने कंपनीत परत. गेटवर कार्डाची नोंद आहे, निरीक्षक साहेब तपासून गेलेत."

"गाडी दिली तेव्हा दिवा?"

"लालभडक. किल्ली फिरवल्यापासून बंद करेपर्यंत." त्याने चष्मा काढून पुसला. "एक विचारू? वाईट दिसेल, पण दिवा गेला का हो शेवटी?"

जिना उतरताना थिटे म्हणाले, "माणूस गेला आणि याला दिव्याची पडलीय."

"बरं झालं विचारलं त्याने," स्वरूपा म्हणाली.

---

बबनरावांचं दुकान पिंपरीच्या बाजारात होतं. छतापर्यंत खोकी रचलेली. मागच्या अंगणात एक माणूस डिझेलच्या टबात जुने सुटे भाग ब्रशने घासत होता. शेजारी कोरी, चकचकीत खोकी घडी मोडून उभी केलेली.

बबनरावांनी खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. डोळे लाल होते.

"दिगूला म्याच धंद्याला लावला, ताई. गॅरेजचा नारळ माझ्या हातनं फुटला. आन् त्येचंच रगत बगायची येळ आली."

"बघितलंत तुम्ही?"

"न्हाई, न्हाई. आत पाऊलसुदिक टाकलं न्हाई. मला रगत बगवत न्हाई. मी चाकणला माल द्याया चाललो व्हतो. वरडा ऐकला, गाडी थांबवली, रस्त्यावनंच बगितलं. त्यो पोरगा रगताळल्या हातानं भाईर आला."

"दिग्विजयने तुम्हाला दुपारी फोन केला होता. त्याच्या मोबाइलवर नोंद आहे."

"व्हय. सवयच व्हती त्येची. मामा, जेवला का."

"प्रज्वलने का मारलं असेल?"

"डोकं फिरलं, दुसरं काय? काम झालेलं, गाडी तयार व्हती, दिवा इझला व्हता. गिऱ्हाईक येऊन घेऊन जायाचं तेवढं ऱ्हायलं व्हतं. झालेल्या भांडणाचा राग डोक्यात धरला पोरानं."

"दिवा विझला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बबनरावांनी बशीत चहा ओतला. "दिगूच म्हनला की. फोनवर."

थिट्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. "हे भंगार कशाला घासताय, मामा?"

"भंगारवाला मळकट माल घेत न्हाई."

"सुधारला म्हणायचा भंगारवाला," थिटे म्हणाले आणि चहा संपवला.

बाहेर आल्यावर स्वरूपाने जोगदंडांना फोन लावला. बराच वेळ ती हलक्या आवाजात बोलत होती. थिट्यांच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं.

"टबातलं डिझेल ओतून देऊ नका म्हणावं. गाळणीने गाळा."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गॅरेजमध्ये जमले. वर्षाली, ओजस, बबनराव, रुक्मिणीबाई. शटरबाहेर वस्तीतली दहा-बारा माणसं. व्हिडिओतल्या निळ्या शर्टाचा माणूसही त्यांच्यात होता, हाताची घडी घालून.

"केसकर, तुमच्याकडची जादा किल्ली घेऊन गाडीत बसा," स्वरूपा म्हणाली. "किल्ली फिरवा. इंजिन चालू करू नका, अर्ध्यावर थांबा."

ओजसने किल्ली फिरवली.

"तेलाचा दिवा?"

"नाही लागला." तो समोर वाकून बघू लागला. "गेला की हो! दुरुस्त झालं?"

स्वरूपाने इंजिनापाशी लोंबणारी मोकळी वायर उचलली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं.

"आता?"

"लागला! लालभडक."

तिने वायर सोडून दिली. दिवा विझला.

"या गाडीत एवढंच गणित आहे. तेलाला दाब नसेल तर सेन्सर ही वायर इंजिनाला जोडून देतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोड सुटतो, दिवा विझतो. सेन्सर खराब होऊन जोडलेलाच राहिला तर दिवा विझतच नाही. केसकरांचं तेच झालं होतं. सुटलेलाच राहिला तर दिवा लागतच नाही, घाटातल्या टेम्पोचं तसं झालं असणार. आणि सेन्सर काढून वायर मोकळी सोडली तर? दिवा लागूच शकत नाही. आपल्याला वाटतं, वायर काढली की धोक्याचा दिवा पेटेल. होतं उलटं. सगळ्यात मोठा धोका असतो तेव्हा दिवा गप्प बसतो."

ती बाकापाशी गेली.

"गुरुवारी दिग्विजयने सेन्सर काढून किल्लीला बांधला. इथल्या रीतीप्रमाणे त्याचा अर्थ, गाडीला हात लावू नका. प्रज्वल आकुर्डीला गेला. त्यानंतर कुणीतरी दिग्विजयला पाइपने मारलं आणि मग ही गाडी चालू केली. मग म्हणजे नंतर. कारण रक्ताचे थेंब खाली आहेत आणि तेल वर."

"खून करून गाडी कशाला चालू करायची?" थिट्यांनी विचारलं.

"चाकाखालची वीट बघा. गाडी गिअरमध्ये पुढे उडाली, विटेवर चढली. दिग्विजय तिच्या आणि बाकाच्या मध्ये पडला होता. गाडी पुढे नेऊन त्याचं फुटलेलं डोकं बाकाशी चिरडायचं होतं. गिअरमध्ये राहिलेली गाडी मेकॅनिकच्या अंगावर गेली, असं दिसलं असतं. अपघात. पण भोकातून तेल उडालं, गरम सायलेन्सरवर पडलं, धूर झाला. आग लागेल या भीतीने त्याने गाडी बंद केली."

वर्षालीने तोंडाला पदर लावला.

"आता सांगा, हे प्रज्वल करेल? भोक उघडं आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? दिग्विजयची रीत न जाणणारा माणूसच ही किल्ली फिरवेल. त्याला किल्लीला बांधलेला सेन्सर दिसला. इतर गॅरेजमध्ये याचा अर्थ, नवा भाग बसला, हा जुना गिऱ्हाइकाला दाखवायला. किल्ली फिरवली, दिवा लागला नाही. त्याची खात्रीच पटली की गाडी तयार आहे." ती थांबली. "मामा, ही खात्री तुमच्या तोंडून आली. गाडी तयार होती, दिवा विझला होता."

"दिगू फोनवर म्हनला," बबनराव म्हणाले. "किती येळा सांगू?"

"दिग्विजयच्या हयातीत हा दिवा चालू गाडीत लालच होता. गाडीच्या मालकाने आम्हालाच विचारलं, दिवा गेला का. सेन्सर काढल्यावर तो विझला, पण उघड्या भोकाची गाडी तयार आहे, असं दिग्विजय कधीही म्हणणार नाही. विझलेला दिवा बघून गाडी बरी झाली असं समजणारा माणूस एकच, ज्याने खुनानंतर किल्ली फिरवली."

"नुसतं बोलन्यावरनं मानसाला फाशी देताय व्हय?"

"नाही. व्हिडिओवरून." तिने थिट्यांचा मोबाइल घेतला. "हा सगळ्या चाकणने बघितला आणि सगळ्यांनी मार खाणाऱ्याकडेच बघितलं. तुम्ही ओरडताय, आतला पाइप आणा, त्याच पाइपनं फोडा. पाइप पिंपामागे होता. रस्त्यावरून दिसत नाही. तुम्ही तर आत पाऊलही टाकलं नव्हतं. मग कशाने मारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बबनरावांनी शटरकडे पाहिलं. तिथे दोन शिपाई उभे होते.

"आणि लेंगा. काका म्हणाले, चिखल. मोठं करून बघा, डाग सोनेरी आहे. गॅरेजमधल्या पायावर काळं तेल असतं. सोनेरी तेल त्या दिवशी एकाच ठिकाणी सांडलं होतं, या फरशीवर, गाडीतून उतरताना उजवा पाय पडतो तिथे. प्रज्वल आला तेव्हा तुम्ही मागच्या फटीतून निसटलात आणि वळसा घालून रस्त्यावर आलात. लेंगा बदलायला सवड नव्हती. म्हणून सगळ्यांचे डोळे दुसरीकडे वळवलेत. त्या पोराच्या हाताकडे."

"पण का?" वर्षाली ओरडली. "मामा होते ते त्यांचे!"

"सेन्सरमुळे. जुने भाग टबात घासायचे आणि नव्या खोक्यात घालून विकायचे, हा मामांचा धंदा. गुरुवारी मीटर लावल्यावर दिग्विजयला कळलं की महिन्याभरापूर्वीचा 'नवा' सेन्सर मुळात जुनाच होता. टेम्पोचा दिवा का लागला नाही, तेही कळलं. त्याने प्रज्वलला सांगितलं, मामाकडून आणू नको. तुम्हाला सांगितलं, कळलं. आणि मामांना बोलावून घेतलं. खुनी जाताना एकच वस्तू घेऊन गेला. पकडीने तार तोडून किल्लीला बांधलेला सेन्सर. तो दुसऱ्या कुणाच्या काय कामाचा?"

जोगदंडांनी खिशातून एक छोटी पिशवी काढली आणि किल्लीच्या पिशवीशेजारी बाकावर ठेवली. आत डिझेलने धुतलेला, चकचकीत सेन्सर होता. त्याच्या मानेभोवती निळ्या तारेचा पीळ तसाच.

"पहाटे तुमच्या टबातून निघाला," ते म्हणाले. "फेकून का नाही दिलात, मामा?"

बबनराव बाकाकडे बघत होते. मग एकदम त्यांच्या तोंडाला फेस आल्यासारखं झालं.

"फेकायचा कशाला? आख्खा चाकण माझ्या मालावर चालतोय! गावात किती जनांच्या गाड्यांत हाय, इचारा! त्या घाटातल्या बायांच्या घरी जाऊन सांगनार म्हनला. मामा, तुमी बी चला, म्हनला, त्येंच्या पोरांच्या पाया पडू. मला! ज्येनं त्येला उभा केला त्येला!" त्यांनी हात हवेत आपटला. "पाठ करून इंजनावर वाकला आन् परत म्हनला, चला मामा. मग मी पाइप उचलला."

वर्षालीने त्यांच्या तोंडावर थुंकलं. शिपायांनी बबनरावांना बाहेर नेलं. गर्दी मागे सरून वाट झाली.

ओजस अजून गाडीतच बसला होता. त्याने किल्ली काढली आणि जपून, आवाज न करता, दार लावलं.

"झालं," थिटे हळूच म्हणाले. "सुटला तुमचा मुलगा, रुक्मिणीबाई."

रुक्मिणीबाई उठल्या नाहीत. त्या शटरबाहेरच्या माणसांकडे बघत होत्या.

"मालकाचा खून कुनी केला ते कळलं, ताई," त्या म्हणाल्या. "माज्या लेकाचा हात कुनी मोडला?"

निळ्या शर्टाच्या माणसाने हाताची घडी सोडली.

"चुकून झालं, मावशी," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला काय माहीत? मामा म्हणाले म्हणून…"

"त्यो पान्यावर पोट भरतो. उजवा हात व्हता त्यो."

जोगदंडांनी स्वरूपाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका, साहेब," ती म्हणाली. "या गुन्ह्यात शोधायचं काहीच नाही. सगळ्यांनी मिळून केला, सगळ्यांनी मिळून त्याचा व्हिडिओ काढला, सगळ्यांनी पुढे पाठवला."

निळा शर्ट एक पाऊल मागे सरकला. पण थिटे कधीच त्याच्या मागे जाऊन उभे राहिले होते. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एक गोष्ट त्यांना पक्की जमलेली होती.

"मोबाइल," जोगदंड म्हणाले. "एकेकाने आत या आणि बाकावर ठेवा. तुझा आधी."

त्या माणसाने फोन काढला. जोगदंडांनी व्हिडिओ शोधून लावला आणि सवयीने आवाज कमी करायला बोट नेलं.

"कमी नका करू," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि निळ्या शर्टासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मोठा करा. ह्यास्नी बी आयकू द्या."